मॉन्टेरेची घरे: एका विभागलेल्या जिल्ह्याचा इतिहास

सरकारी नोकरीत ज्यांचे अर्धे आयुष्य बदलीच्या हुकुमांबरोबर गावोगाव फिरण्यात गेले, त्यांना घर या शब्दाचे दोन अर्थ अनुभवाने ठाऊक असतात. एक घर हुद्द्याबरोबर मिळते आणि हुद्द्याबरोबर जाते. त्याच्या भिंतीत खिळा ठोकतानाही हात किंचित थबकतो. दुसरे घर पुण्यास, नागपुरास किंवा कोकणातल्या एखाद्या गावी निवृत्तीनंतर बांधावयाचे असते. आणि दर रजेत चौकशी करावी, तो त्याची किंमत आपल्या शिलकेच्या दोन पावले पुढे गेलेली आढळते. 'घर पाहावे बांधून' असे आपल्या पूर्वजांनी म्हटले तेव्हा लाकूड, चुना आणि गवंडी यांचीच दगदग त्यांच्या मनात असावी. आज बांधण्यापेक्षा बांधण्याजोगी जागा हाती येणे हीच खरी दगदग होऊन बसली आहे. असे का, म्हणून विचारले तर 'मागणी वाढते, जमीन तेवढीच राहते' हे ठरलेले उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. जमीन तेवढीच असली तरी ती कोणाच्या नावे चढली, तिच्यावर कोणास राहू दिले, तिला पाणी कोणी दिले आणि कर कोणी भरला, या गोष्टी निसर्ग ठरवीत नाही. त्या कागद ठरवितात. आणि कागद हा तर आमच्या बहुतेक वाचकांचा नित्याचा व्यवसाय आहे.

जवळचे उदाहरण घेतले की त्यात आपले हितसंबंध आणि रागलोभ मिसळतात. म्हणून आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो: अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावरील मॉन्टेरे काउंटीचे. काउंटी म्हणजे सर्वसाधारणपणे आपला जिल्हाच म्हणावयाचा. मॉन्टेरेचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून किंचित अधिक आहे. 2020 च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या मात्र 4 लाख 39 हजारच भरली. इतक्या विस्तीर्ण भूमीवर इतकी विरळ वस्ती असता घरांचा तुटवडा असू नये, असे कोणासही वाटेल. पण तो आहे, आणि तो विलक्षण आहे.

या जिल्ह्याचे दोन भाग एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. पश्चिमेस समुद्रात शिरलेले द्वीपकल्प. त्यावर जुने मॉन्टेरे शहर, पॅसिफिक ग्रोव्ह, कार्मेल आणि गोल्फच्या मैदानांसाठी प्रसिद्ध असलेले पेबल बीच. पूर्वेस सलिनास नदीचे लांब, सुपीक खोरे. कोथिंबिरीच्या जुडीप्रमाणे ज्या पानांचा व्यापार येथे चालतो ते लेट्यूस, तशीच ब्रोकोली, स्ट्रॉबेरी या खोऱ्यातून सबंध अमेरिकेत जातात. 2022 साली या जिल्ह्यातील शेतमालाचे मूल्य 4 अब्ज डॉलरांहून अधिक होते. खोऱ्याचे मुख्य शहर सलिनास. त्याची वस्ती 1 लाख 63 हजार. कार्मेलची अवघी 3,220. पहिल्या शहरात एका खोलीत एक कुटुंब राहते. दुसऱ्यात पुष्कळशी घरे वर्षातील बरेच महिने बंद असतात, कारण त्यांचे मालक अन्यत्र राहतात.

आता हा भेद कसा घडला ते पाहू. 1770 साली स्पॅनिश लोकांनी मॉन्टेरे येथे लष्करी ठाणे व धर्मपीठ स्थापिले, आणि तेथील मूळ रहिवासी जे ओलोन व एसेलेन लोक, त्यांची भूमी स्पेनच्या राजाची झाली. 1821 नंतर मेक्सिकोचे राज्य आले. धर्मपीठांच्या जमिनी काढून घेऊन त्या मोठमोठ्या इनामांच्या रूपाने मोजक्या घराण्यांस वाटण्यात आल्या. 1846 च्या जुलैत अमेरिकेचे निशाण मॉन्टेरेस लागले. 1848 च्या तहात, मेक्सिकन प्रजेची मालमत्ता अबाधित राहील असे अभिवचन होते. परंतु 1851 च्या कायद्याने प्रत्येक इनामदारास आपला हक्क नव्या आयोगापुढे सिद्ध करणे भाग पडले. ज्यांनी आपल्याकडील इनाम कमिशनचा इतिहास वाचला आहे, त्यांना पुढील प्रकार सांगावयास नको. आयोगापुढे 813 दावे आले. पुष्कळांचे दावे अखेर मान्यही झाले. पण अपिलांत वर्षेच्या वर्षे गेली, आणि दावा जिंकेपर्यंत जमीन वकिलांच्या व सावकारांच्या घरी गेली.

या काळातील एक व्यवहार तर कथेत शोभावा असा आहे. मॉन्टेरे शहराच्या मालकीची सुमारे 30 हजार एकर गावठाणाची जमीन होती. तिचा हक्क आयोगापुढे सिद्ध करून देणाऱ्या वकिलाचे शुल्क भागविण्यास शहराच्या तिजोरीत पैसा नव्हता. म्हणून 1859 साली ती जमीनच लिलावात काढण्यात आली, आणि तो वकील व डेव्हिड जॅक्स नावाचा एक स्कॉटिश व्यापारी या दोघांनी ती 1,002 डॉलर 50 सेंटला घेतली. पुढे सर्व जमीन जॅक्सच्या एकट्याच्या हाती आली. शहराने पुष्कळ वर्षांनी दावा लावला. 1906 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सच्या बाजूने निकाल दिला. कागद बिनचूक होते. जी भूमी सर्व गावाची होती, जीवर पुढील पिढ्यांसाठी घरे बांधता आली असती, ती अशा रीतीने तीन ते चार सेंट एकराने गेली.

जॅक्सकडून बरीचशी जमीन रेल्वेच्या धनिकांच्या कंपनीने घेतली. 1880 मध्ये त्यांनी डेल मॉन्टे नावाचे भव्य विश्रांतिगृह उभारले आणि मॉन्टेरेचा किनारा हा पाहण्याचा व विकण्याचा माल झाला. त्याच किनाऱ्यावर, पॅसिफिक ग्रोव्हनजीक, 1850 च्या दशकापासून चिनी कोळ्यांचे एक गाव वसलेले होते. तेथील मत्स्यव्यवसायाचे ते आद्य प्रवर्तक. पण त्यांच्या झोपड्यांखालची जमीन आता कंपनीची होती, आणि सुकत घातलेल्या माशांचा वास हवा खाण्यास येणाऱ्या पाहुण्यांस मानवत नव्हता. त्यांना जागा सोडण्याच्या सूचना मिळाल्या. 1906 च्या मे महिन्यात त्या गावास आग लागून बहुतेक घरे भस्मसात झाली. पुन्हा तेथे बांधू देण्यात आले नाही.

कार्मेलचा इतिहास याहून सौम्य, पण तितकाच बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे भूखंड स्वस्त होते म्हणून कवी, चित्रकार, लेखक येऊन राहिले. रॉबिन्सन जेफर्स या कवीने 1919 च्या सुमारास किनाऱ्यावरील दगड स्वतः वाहून, गवंडीकाम शिकून आपले घर उभारले. या मंडळींनी गावाचे रूप जपण्याचा आग्रह धरला. 1929 साली नगरसभेने ठरावच केला की, गाव मुख्यतः राहण्याचे आहे. व्यापार त्यापुढे गौण राहील. झाडे तोडावयाची नाहीत, उंच इमारती नकोत. कित्येक दशके घरांना क्रमांकसुद्धा नव्हते. यात गैर काय होते? काहीच नाही. पण जे गाव गरीब कलावंतांनी सुंदर ठेवले, ते सुंदर असल्यामुळेच पुढे कोणाही गरीब कलावंतास परवडेनासे झाले. आज जेफर्ससारखा तरुण कवी तेथे दगड वाहू शकेल. ते रचण्यास भूमी त्यास मिळणार नाही.

आता खोऱ्याकडे वळू. तेथे भूमी मुबलक होती आणि माणसेही बोलाविली जात होती. मात्र ती कामासाठी, वास्तव्यासाठी नव्हे. प्रथम चिनी मजुरांनी दलदली उपसून शेते केली. मग जपानी आले, मग फिलिपिनो. 1913 साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की, ज्या परकीयास नागरिकत्व मिळण्याची पात्रता नाही, त्यास शेतजमीन विकत घेता येणार नाही. कायद्यात जपान्यांचे नाव नव्हते. पण रोख त्यांच्यावर होता. या कायद्याची झळ आपल्या देशबांधवांसही लागली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी केलेला दावा 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ते 'गोरे' नाहीत या कारणास्तव फेटाळला, आणि कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकरीही भूमिहक्कास अपात्र ठरले. हिंदी लोकांस नागरिकत्वाची वाट 1946 मध्ये खुली झाली. भूमीचा तो कायदा 1952 मध्ये राज्याच्या न्यायालयाने रद्द केला. शहरांतील घरांच्या खरेदीखतांत तर, हे घर गोऱ्यांखेरीज कोणास विकू अथवा राहावयास देऊ नये, अशा अटी राजरोस घालीत. न्यायालये त्या अटी अमलात आणणार नाहीत, असा निर्णय होण्यास 1948 साल उजाडावे लागले.

1930 नंतरच्या दुष्काळात ओक्लाहोमा व आसपासच्या राज्यांतून उठून आलेली हजारो गोरी कुटुंबेही या खोऱ्यात पोहोचली. सलिनास हे जॉन स्टाइनबेक यांचे जन्मगाव. त्यांच्या कादंबऱ्यांतून या स्थलांतरितांची ओळख आपल्यापैकी अनेकांस झालीच असेल. शहराच्या पूर्वेस अलिसाल नावाच्या भागात त्यांनी हप्त्याने लहान भूखंड घेतले आणि हाती लागेल त्या सामानाने खोपटी उभारली. गटारे नव्हती, रस्ते नव्हते. परंतु पायाखालची जमीन स्वतःची होती. दोन दशकांत त्या खोपटांची नीटस घरे झाली. 1963 साली अलिसाल सलिनास शहरात सामील झाले. एवढ्या इतिहासात कष्टकऱ्यांस खोऱ्यात स्वतःचे घर मिळण्याचा हाच एक ठळक प्रसंग आम्हांस दिसतो. आणि तो घडला याचे कारण तेथे जमीन स्वस्त होती व अटी सैल होत्या.

त्यांच्या मागून आलेल्यांचे नशीब तसे नव्हते. 1942 ते 1964 या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकोतून मुदतीच्या कराराने मजूर आणण्यात आले. देशभर मिळून असे सुमारे 46 लाख करार झाले. त्यांच्या निवासाची जबाबदारी करारान्वये मालकांवर होती, व ती शेतावरील बराकींनी भागविली जाई. 1963 च्या सप्टेंबरात सलिनासजवळ चुआलार येथे शेतावरून छावणीकडे परतणाऱ्या अशा मजुरांचे वाहन रेल्वेगाडीखाली सापडून 32 जण मृत्युमुखी पडले. मालवाहू ट्रकवर बाके ठोकून ते वाहन केलेले होते. त्या अपघाताने योजनेविरुद्धचे लोकमत बळावले आणि पुढल्याच वर्षी ती संपली. योजना संपली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर निवास देण्याचे बंधनही संपले. पुढील काळात शेतावरच्या वसाहती एकामागून एक बंद होत गेल्या. 1970 मध्ये सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली सलिनासमध्ये मोठा संप झाला, चावेझ तेथील तुरुंगात गेले. 1975 मध्ये शेतमजुरांस संघटनेचा हक्क देणारा कायदा राज्याने केला. मजुरीचा प्रश्न थोडाबहुत मार्गी लागला. मजूर रात्री कोठे निजतो, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर राहिला नाही.

नेमक्या याच सुमारास घरांच्या किमतीस आजचे रूप देणारे निर्णय एकामागून एक झाले, आणि आम्हांस वाचकांचे लक्ष विशेषेकरून येथे वेधावयाचे आहे. 1950 साली राज्यघटनेत एक कलम आले: गरिबांसाठी सार्वजनिक पैशाने घरे बांधावयाची तर प्रथम स्थानिक मतदारांची संमती घ्यावी. करदात्यास विचारणे गैर कसे म्हणावे? 1965 मध्ये शेतजमीन शेतीखालीच राहावी म्हणून करात सवलत देणारा कायदा झाला; असली काळी भूमी सिमेंटखाली जाऊ न देणे शहाणपणाचेच होते. 1972 मध्ये लोकांनी मत देऊन किनारारक्षणाची व्यवस्था केली व 1976 च्या कायद्याने ती कायम झाली. त्यामुळेच तो किनारा आजही पाहण्यासारखा राहिला आहे. 1978 मध्ये मालमत्ताकरावर मर्यादा घालणारी सुप्रसिद्ध तेरावी सूचना संमत झाली. कर एक टक्क्याहून अधिक नसावा, आणि घराची करासाठी धरलेली किंमत, ते विकले जाईपर्यंत, वर्षास दोन टक्क्यांहून अधिक वाढू नये, असा तिचा आशय. वाढत्या करापायी वृद्ध विधवांस घर सोडावे लागू नये, हा तिचा हेतू कोणासही पटेल. परिणाम मात्र असा झाला की, शेजारी शेजारी असलेल्या सारख्याच दोन घरांपैकी जुन्या मालकास थोडा आणि नव्यास कित्येक पट कर पडू लागला. ज्याच्यापाशी घर आहे त्यास ते विकण्याचे कारण उरले नाही, आणि नवी घरे होऊ देण्यात गावांनाही फारसा लाभ दिसेना.

शेवटी पाणी. द्वीपकल्पाची तहान मुख्यतः कार्मेल नदी भागवीत आली. 1995 साली राज्याच्या जलमंडळाने ठरविले की, पाणीपुरवठा करणारी कंपनी आपल्या हक्काहून कितीतरी अधिक पाणी नदीतून उपसते, आणि त्यामुळे नदीतील स्टीलहेड मासा नष्ट होऊ पाहत आहे. 2009 मध्ये उपसा घटविण्याचा कडक आदेश निघाला व नव्या नळजोडण्या थांबल्या. तत्पूर्वीपासूनच तेथे घरात नवे न्हाणीघर करावयाचे तर प्रत्येक नळाचा व कुंडीचा हिशेब देऊन पाण्याचा परवाना मिळवावा लागे. नदी वाचली पाहिजे, याविषयी दुमत असू नये. परंतु ज्यांच्या बागांना पाणी आधीच पोहोचले होते, त्यांच्या घरांचे मोल या आदेशाने वाढले. ज्यांचे घर अद्याप बांधावयाचे होते, त्यांचा मार्ग बंद झाला. फोर्ट ऑर्ड ही 1917 पासूनची लष्करी छावणी 1994 मध्ये बंद झाली, तेव्हा सुमारे 28 हजार एकर जागा मोकळी होऊन एक नवी आशा उत्पन्न झाली. तेथे विद्यापीठ आले, राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले, काही वसाहतीही झाल्या. पण जमिनीत गाडलेला दारूगोळा, पाण्याची टंचाई आणि अनेक नगरसभांची एकमेकींत ओढाताण यांमुळे ओस बराकी दशकानुदशके तशाच उभ्या राहिल्या.

या सगळ्याची बेरीज साध्या हिशेबाने पाहता येते. 2022 च्या वसंतात या जिल्ह्यातील घराची मध्यम किंमत 8 लाख डॉलरांच्या वर होती. कार्मेल-पेबल बीचची तर तिच्या दुपटीहून अधिक. त्या वर्षी राज्यातील मोठ्या मालकांस लागू असलेली किमान मजुरी तासाला 15 डॉलर. वर्षभर एकही दिवस खंड न पडता पूर्णवेळ काम मिळाले, तर मजुरास सुमारे 31 हजार डॉलर मिळावेत. शेतीचे काम हंगामी असल्यामुळे ते बहुधा मिळत नाहीत. म्हणजे अन्नवस्त्रावर कवडीही न खर्चता पंचवीस वर्षांहून अधिक काळची सर्व कमाई एका घरास लागावी! 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सलिनास व शेजारच्या पाहारो खोऱ्यांत मिळून सुमारे 91 हजार शेतमजूर असल्याचे, आणि त्यांची दाटी कमी करावयाची तर 45 हजारांहून अधिक नवी घरे लागतील असे दाखविण्यात आले. गेल्या काही वर्षांत काही बड्या उत्पादकांनी मजुरांसाठी स्वतःच निवास बांधले आहेत. छप्पर मिळाले, हे चांगलेच झाले. पण ते पुन्हा कामाबरोबर मिळणारे आणि कामाबरोबर जाणारे छप्पर. त्याचा अर्थ आमच्या वाचकांस उलगडून सांगण्याची गरज नाही. भेद एवढाच की, आपल्यामागे निवृत्तिवेतन उभे असते. त्या मजुरामागे कोणी नसते.

किंमत केवळ घर घेणाऱ्यास पिडते असेही नाही. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पाहारो नावाचे शेतमजुरांचे लहान गाव आहे. त्याचे रक्षण करणारा नदीचा बांध 1949 सालचा. तो दुर्बल आहे हे अधिकाऱ्यांस अनेक दशके ठाऊक होते, आणि 1995 मध्ये त्याचा प्रत्ययही आला होता. पण बांधावरचा खर्च आणि वाचणाऱ्या मालमत्तेचे मूल्य यांचे प्रमाण काढले असता दुरुस्ती पदरात पडेना, कारण गावातील घरे स्वस्त होती. 11 मार्च 2023 च्या मध्यरात्री बांध फुटला आणि गाव पाण्याखाली गेले. महाग घरे मजुरास किनाऱ्यावर येऊ देत नाहीत, आणि स्वस्त घर त्यास बुडण्यापासून वाचविण्याइतके मोलाचे ठरत नाही: जिल्ह्याच्या दुभंगाचे याहून स्पष्ट चित्र आम्हांस दुसरे सुचत नाही.

या इतिहासात खलपुरुष शोधू गेल्यास एखाददुसरा सापडेलही. परंतु बहुतेक निर्णय सज्जनांनी, सद्हेतूने व रीतसर केलेले आहेत. नदी, शेत, किनारा, झाडे, वृद्ध रहिवासी, करदाता या प्रत्येकाची बाजू मांडावयास कोणीतरी हजर होते. हरकती मागविल्या गेल्या, सुनावण्या झाल्या. गैरहजर होता तो एकच: ज्याला अद्याप घर नव्हते तो. जो राहत नाही तो रहिवासी नव्हे, आणि रहिवासी नव्हे त्यास हरकत नोंदविता येत नाही. कित्येक योग्य निर्णयांची बेरीज अन्याय्य निघू शकते ती अशी. कॅलिफोर्नियाने 1969 पासून प्रत्येक गावास सर्व उत्पन्नांच्या लोकांसाठी घरांची योजना करण्याचे बंधन घातले आहे, आणि 2016 नंतर त्याच्या अंमलबजावणीस अधिक धार आणली आहे. पण अडीचशे वर्षांच्या कागदांवर ते अगदी अलीकडचे पान आहे.

आपल्याकडील किनाऱ्यांवरही 1991 पासून नियमन आहे, शेतजमीन बिगरशेती करण्याचे नियम आहेत, विकास-आराखडे आहेत. आणि ते असावयासच हवेत. ते लिहिणारे, तपासणारे व त्यांवर शेरा मारणारे हात पुष्कळदा आमच्या वाचकांचेच असतात. परमुलखात बदलीवर असताना आपण स्वतः त्या गावचे रहिवासी नसतो, आणि आपल्या गावी, जेथे घर बांधावयाचे, तेथेही वर्षानुवर्षे हजर नसतो. गैरहजराची बाजू समजून घेण्यास याहून अधिक योग्य माणूस कोण असावा? पुढच्या वेळी 'हरकती आल्या नाहीत' असे वाक्य असलेली फाइल समोर येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी, हरकत घेण्यास येऊ न शकलेला माणूस कोण आणि तो आज रात्री कोठे निजला असेल, एवढे स्वतःस विचारावे. मॉन्टेरेच्या सगळ्या दप्तरांत कोणी विचारावयाचे राहून गेले ते एवढेच.